दिवसभराची बोट सहल झेपेल का? आधी असा अंदाज घ्या

"बोटीत काय गं, नुसतं बसायचंच तर आहे" असं मी स्वतः आईला म्हणाले होते आणि त्याच दिवशी संध्याकाळी मालवणच्या रूमवर तिच्या कपाळाला बाम चोळत बसले होते. डिसेंबर होता, हवा छान होती, समुद्रही फार खवळलेला वगैरे नव्हता, म्हणजे वाईट असं काहीच घडलं नाही, तरी तिला पुढचे दोन दिवस उठवत नव्हतं. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की दिवसभरात कुठे कुठे काय काय झालं याचा आधी हिशोबच केला नव्हता. आता घरच्यांना किंवा सोसायटीतल्या ग्रुपला कुठेही बोटीने न्यायचं असलं की मी तो हिशोब आधी करते, कसा करते ते सविस्तर लिहितेय, कुणाच्या तरी आईबाबांच्या उपयोगी पडेल.

आधी तो दिवस सांगते म्हणजे पुढचं समजेल. पॅकेज होतं सकाळी साडेसहाला डॉल्फिन बघायला, तिथून येऊन नाश्ता, मग सिंधुदुर्ग किल्ला, मग परत दुसऱ्या बोटीने देवबागचा संगम आणि त्सुनामी आयलंड, तिथे वॉटर स्पोर्ट्स, मग सूर्यास्त. व्हॉट्सॲपवर आलेला प्लॅन वाचताना एकदम मस्त वाटत होता. त्या दिवशी होती संकष्टी, आईचा उपास, सकाळी चहा आणि दोन केळी एवढंच. डॉल्फिनच्या बोटीला वर छप्पर नाही आणि बोटीत बाथरूम नसणार हे तिला आधीच माहीत, म्हणून तिने रात्रीपासूनच पाणी कमी केलेलं, हे तिने मला सांगितलं रात्री! किल्ल्यावर दीड तास चालणं झालं. साडेअकराला त्सुनामी आयलंडला उतरलो तेव्हा पाणी गुडघ्याच्या खाली होतं, साडी थोडी वर धरून आरामात गेली. सव्वा वाजता परत बोटीत चढायचं तर पाणी मांडीपर्यंत, बोटीची कड छातीपाशी, पायाखालची वाळू सरकतेय आणि बोट वरखाली होतेय. खलाशाने वरून दोन्ही हात धरले, मी खालून पाय उचलून दिला, तिसऱ्या प्रयत्नाला ती आत गेली. बोटीत बसल्यावर तिचे हात थरथरत होते आणि ती फाळक्याला (बोटीतल्या फळीला) घट्ट धरून बसली होती, ते अजून माझ्या डोळ्यासमोर आहे.

तर पहिली गोष्ट, बोटीवरचे तास मोजू नका, घरातून (किंवा हॉटेलातून) निघाल्यापासून परत येईपर्यंतचे तास मोजा. एलिफंटाचं घ्या, सगळ्यांना माहितीतलं आहे. गेटवेहून घारापुरी जेमतेम तासाभराचं अंतर, म्हणजे जाऊन येऊन बोटीत दोन तास. पण ठाण्याहून निघणाऱ्या माणसाचा दिवस असा जातो, सातला घर सोडलं, लोकल, टॅक्सी, गेटवेला सिक्युरिटी आणि तिकिटाची रांग, नऊ साडेनऊची लाँच, ती भरेपर्यंत आत बसून राहणं, मग तास, उतरल्यावर लांबलचक जेट्टी (छोटी रेल्वे चालू असली तर बरं), मग शंभरसव्वाशे पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्री त्यामुळे ऊन लागत नाही पण हवाही लागत नाही, मग लेणी बघायला दीड दोन तास उभ्याने, जेवण, उतरणं, परतीच्या लाँचची रांग, तास, पुन्हा टॅक्सी, पुन्हा लोकल आणि तीही संध्याकाळच्या गर्दीची. झाले की दहा अकरा तास, आणि त्यात बोट फक्त दोन. त्यामुळे "एलिफंटाला बोट लागेल का" या प्रश्नापेक्षा "पायऱ्या आणि परतीची लोकल जमेल का" हा प्रश्न आधी विचारायला हवा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तिथे डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा आणि लाजू नका, वर जाऊन ती वीसेक फुटी सदाशिवाची मूर्ती शांतपणे बघता आली पाहिजे, धापा टाकत नाही. आणि सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून निघा.

दुसरं म्हणजे चढउतार किती वेळा आहे. हे कुठल्याच प्लॅनमध्ये लिहिलेलं नसतं आणि वयस्कर माणसाला सगळ्यात जास्त तेच दमवतं. एकदा बोटीत चढणं आणि उतरणं म्हणजे एका सेकंदासाठी सगळं वजन एका पायावर, समोर हलणारी कड, मधे फट, खाली पाणी, आणि मागून लोक "चला चला" करतायत. गेटवेला तर लाँच एकमेकींना लावून उभ्या असतात, आपली तिसरी असली की आधीच्या दोन ओलांडून जायचं. जंजिऱ्याला मी गेले तेव्हा शिडाच्या होडीतून थेट दरवाजाच्या पायरीवर पाय टाकायचा होता, लाट वर आली की खलाशी "आता!" म्हणायचा आणि तेव्हाच उतरायचं. तरुण माणसाला यात मजा येते, पण ज्याला पडायची भीती आहे त्याचं अंग त्या वेळी इतकं ताठ होतं की मागून खांदे आणि कंबर दुखते. मालवणच्या त्या दिवसात मी नंतर मोजलं तर आईचं चढणं उतरणं मिळून आठ वेळा झालं होतं. आता माझा नियम असा की साठीच्या पुढचं माणूस असेल तर दिवसात एक बोट, जास्तीत जास्त दोन, म्हणजे चारच्या वर चढउतार नको, आणि पाण्यात उतरून चढायचं असेल तर ते मी दोन धरते.

यातच भरती ओहोटी येते. आजीआजोबांना माहीत असलेला हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. ठिकाणाप्रमाणे थोडं मागेपुढे होतं पण अंदाजाला पुरतं, भरती आणि ओहोटीच्या मधे साधारण सहा तास धरायचे. त्या संकष्टीला दुपारी तीनची भरती, म्हणजे साडेअकरा ते सव्वा पाणी चढतच जाणार होतं, हे मला घरबसल्या कॅलेंडर बघून कळलं असतं! अमावास्या पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, म्हणजे ओहोटीला जेट्टीच्या खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि बोट फार खाली जाते. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, फरक कमी. त्यामुळे वयस्कर माणसं बरोबर असतील आणि तारीख आपल्या हातात असेल तर मी अष्टमी नवमीच्या जवळपासचा दिवस धरते. त्सुनामी आयलंडसारखी ठिकाणं तर मुळात वाळूचा पट्टाच, भरतीला पाण्याखाली जाणारी, तिथे ओहोटीची वेळ विचारूनच जायचं.

आता वारा. याबद्दल मालवणातल्या एका तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) नंतर सांगितलं, "सकाळी लवकर येवा, दोपारनंतर वारो सुटता." शाळेत भूगोलात खारे वारे मतलई वारे शिकलो होतो तेच हे. दिवसा जमीन लवकर तापते, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा जमिनीकडे यायला लागते, ही सुरुवात होते साधारण अकरा बाराला आणि दुपारी दोन ते पाचमध्ये जोर. म्हणून सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी चॉपी होतं, लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागतो. आणि सगळ्या दिवसभराच्या सहलींचं असंच असतं की जाताना आपण ताजे आणि समुद्र शांत, येताना आपण दमलेले आणि समुद्र उठलेला. एलिफंटाहून परतताना तर गेटवे पश्चिमेकडे, म्हणजे वारा समोरून, पुढच्या बाकावर बसलेल्यांवर तुषार उडतात, लाँच धडधड आपटत येते. म्हणून सहलीचा अंदाज परतीच्या तासावरून करा. मी फोनवर हेच विचारते की परतीची बोट किती वाजता सुटते आणि तेव्हा वारा कसा असतो, जो माणूस खरंच बोट चालवतो तो याचं सरळ उत्तर देतो. आदल्या दिवशी वाऱ्याचं ॲप बघा, ताशी पंधरा किलोमीटरच्या आत असेल तर निवांत, वीस ओलांडलं की छोट्या बोटीत हलणार हे धरून चला, पंचवीसच्या वर असेल तर मी आईबाबांना आणि लहान मुलांना घेऊन जात नाही, पैसे गेले तरी चालतील. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे लाटांचे अंदाज आणि हवामान खात्याचे मच्छीमारांसाठीचे इशारे पण बघता येतात, मच्छीमारांना जाऊ नका म्हटलंय तर आपण जायचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात तर कोकणातल्या बऱ्याच बोटी बंदच असतात.

बोट कुठली हे पण महत्त्वाचं. मोठी लाँच किंवा रोरो (गाड्याही नेणारी मोठी बोट) म्हणजे भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाते तशी, ती हलते पण सावकाश, उठून फिरता येतं, बाथरूम असतं. छोटी फायबरची बोट वेगात लाटेवर आपटते, प्रत्येक आपट कंबरेत जाते. फुकेतहून फी फी आयलंडला आपले लोक खूप जातात, तिथे हाच चॉइस असतो, स्पीडबोट लवकर पोचवते आणि मोठी फेरी वेळ घेते, मणक्याचा त्रास असलेल्या माणसाने किंवा गरोदर बाईने स्पीडबोट घेऊच नये, वेळ वाचवून काय करायचंय. कुठल्याही बोटीत मधे आणि मागच्या बाजूला सगळ्यात कमी हलतं, पुढे फोटो छान येतात पण आपटही तिथेच. फक्त मागे डिझेलचा धूर येत असेल तर मधे बसा, धुराच्या वासाने मळमळ दुप्पट होते.

ज्यांना गाडी लागते त्यांना बोट लागण्याची शक्यता असते, सगळ्यांनाच लागते असं नाही. घाटात ज्याचं डोकं धरतं त्याला निघायच्या आधी विचारा. उपाशी जाऊ नका आणि वडा उसळ पोटभर खाऊनही जाऊ नका, पोळीभाजी, इडली, पोहे असं हलकं. गोळी घ्यायची तर ॲव्होमिनसारखी गोळी बोटीत बसायच्या साधारण एक ते दोन तास आधी घ्यावी लागते, पोटात ढवळायला लागल्यावर फारसा उपयोग नाही, आणि तिने झोप येते, म्हणजे दिवसभर माणूस पेंगणार हे हिशोबात धरा, बीपी शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. आलेपाकाच्या वड्या मी कायम ठेवते. मोबाइल खाली ठेवून लांब क्षितिजाकडे बघत राहायचं, हे मुलांना समजावायला लागतं.

पण खरं सांगू का, बायकांना बोटीवर सगळ्यात जास्त दमवतं ते न प्यायलेलं पाणी. आई एकटी नाही, मी आता प्रत्येक ट्रिपला बघते, बाटली हातात असते पण घोट घोट. बाथरूम कुठे आणि कधी मिळेल याची खात्री नाही म्हणून. वरून ऊन, खालून पाण्यावर परावर्तित झालेलं ऊन, खारा वारा लागतोय त्यामुळे घाम आलेला कळतच नाही, आणि चारपाच तासांनी डोकं ठणकायला लागतं, मग आपण म्हणतो बोट लागली. म्हणून प्लॅन हातात आला की त्यावर पेनाने लिहा, बाथरूम कुठे कुठे आहे आणि दोन बाथरूममधलं अंतर किती तासांचं. अडीच तासांपेक्षा जास्त गॅप असेल तर मी ऑपरेटरला सरळ विचारते की मधे कुठे थांबवाल. संकोच करू नका, त्यांना सवय असते, बरेचदा ते एखाद्या होमस्टेपाशी थांबवतात. आणि आईला आधीच सांगायचं की अमुक वाजता थांबणार आहोत, पी पाणी. एवढ्या एका वाक्याने माझ्या पुढच्या ट्रिपमध्ये खूप फरक पडला. उपासाचा दिवस मात्र टाळाच, निदान खजूर, शेंगदाण्याचे लाडू, लिंबूसरबत बरोबर घ्या.

शांत पाणी असलं की दमायला होत नाही हाही गैरसमज आहे. साताऱ्याकडच्या वासोटा किल्ल्याचं बघा. बामणोलीहून शिवसागर जलाशयाच्या पाण्यातून तास दीड तास बोट, कोयनेचं पाणी, लाट म्हणावी अशी नाही. पण पुण्याहून पहाटे तीन चारला निघायचं, बामणोलीत वनखात्याची परवानगी, बोट, मग जंगलातून दोन अडीच तासांची चढाई, वर नागेश्वर आणि बाबूकडा बघेपर्यंत घड्याळ पुढे पळतंय, कारण संध्याकाळच्या आत परत फिरायचंच असतं, मग उतरून परत बोट. त्या परतीच्या बोटीत काय होतं की डोंगर उतरून पाय भरून आलेले असतात, त्यात लाकडी फळीवर दीड तास गुडघे मुडपून बसलो की पाय धरतात, बामणोलीला उतरताना भले भले ट्रेकर बोटीचा काठ धरून उभे राहतात मिनिटभर. आणि त्यानंतर सातारा, आणि हायवे, आणि रात्री गाडी कोण चालवणार? हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. दिवसभर उन्हावाऱ्यात आणि इंजिनच्या आवाजात काढलेल्या माणसाने रात्री चार तास गाडी चालवू नये, ड्रायव्हर करा नाहीतर साताऱ्यात मुक्काम करा. बोट सहलीचा थकवा उतरल्यावर लगेच कळत नाही, जेवण झाल्यावर एकदम अंगावर येतो, आणि ती नेमकी ड्रायव्हिंगची वेळ असते.

अजून एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाडीने गेलो आणि कोणाला बरं वाटेनासं झालं तर बाजूला थांबवता येते, बोटीतून मधेच उतरता येत नाही. त्यामुळे बुकिंगच्या आधी विचारायचं, कोणाला दुपारी परत सोडायचं झालं तर जमेल का? काही ठिकाणी जमतं, जादा पैसे घेतात, देऊन टाका. जमत नसेल तर ज्याची ताकद सगळ्यात कमी आहे त्याच्या बेताने प्लॅन ठरवा. ग्रुपमध्ये नेहमी तरुण पोरं प्लॅन करतात आणि ज्येष्ठ लोक "आमचं काय, आम्ही बसू" म्हणतात, ते मनापासून म्हणतात कारण त्यांना कोणाचा हिरमोड करायचा नसतो. म्हणून त्यांना "जमेल का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की सलग किती वेळ मांडी न घालता, पाठ न टेकता बसता येतं, किती जिने एका दमात चढता, दुपारी झोप लागते का. माझे बाबा दुपारी अर्धा तास आडवे झाले नाहीत तर संध्याकाळी चिडचिड करतात, हे मला तीस वर्षं माहितीय, पण ट्रिपच्या प्लॅनमध्ये मी ते कधी धरलंच नव्हतं.

लहान मुलांचं उलटं असतं, जेवणापर्यंत ती नाचत असतात, परतीच्या बोटीत मांडीवर झोपतात आणि मग झोपलेलं सात वर्षांचं मूल कडेवर घेऊन हलत्या बोटीतून कोणीतरी उतरायचं असतं. तो माणूस आधी ठरवा आणि त्याच्या पाठीवर दुसरं काही सामान नको. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का हे निघायच्या आधी घालूनच बघा, आणि मोठ्यांनीही काढून मांडीवर ठेवायचं नाही, गरम होतं, दमट वाटतं, त्यानेही थकवा वाढतो हे खरं, तरी घालायचं. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाच्या वाटेवर प्रवासी लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून जो अपघात झाला त्यानंतर याबाबत मी कोणाचं ऐकत नाही.

तर मी आता कागदावर काय मांडते ते सांगते. एका बाजूला एकूण तास, आणि त्यातले उघड्या उन्हातले तास वेगळे. मग छोट्या बोटीतला प्रत्येक तास मी तासभर चालण्याइतका धरते, कारण बसलेलो असलो तरी कंबर, पोट, पाय तोल सांभाळायला सतत काम करत असतात, मोठ्या लाँचचा तास अर्धा धरते. त्यात खरं चालणं आणि पायऱ्या मिळवते. आलेली बेरीज त्या माणसासमोर ठेवते आणि विचारते, एवढं चालून आल्यावर तू दुसऱ्या दिवशी उठशील का? मालवणचा तो दिवस असा मांडला तर साडेतीन तास छोट्या बोटी आणि दोन तास चालणं, म्हणजे साडेपाच तासांची पायपीट, तीही उपाशी आणि उन्हात. असं समोर मांडलं असतं तर मीच नको म्हणाले असते. शास्त्रीय काही नाही यात, माझा घरगुती हिशोब आहे, पण तीन ट्रिपमध्ये बरोबर आला.

जमणार नाही असं दिसलं तर सगळं रद्द करायची गरज नसते. मालवणचाच प्लॅन दोन दिवसांत तोडा, पहिल्या दिवशी सकाळी सातला फक्त डॉल्फिन आणि संगम, अकराच्या आत रूमवर, जेवण, झोप, संध्याकाळी किनाऱ्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त किल्ला, तिथे पंधरा मिनिटांचीच बोट आहे, पण आत तटबंदी जवळपास तीन किलोमीटरची, सगळी फिरायचा हट्ट नको, शिवराजेश्वराचं दर्शन घेऊन सावलीत बसलं तरी छान वाटतं. सहलीनंतरचा दिवस मोकळा ठेवा.

आणि ज्यांनी आयुष्यात कधी बोटीत पाय ठेवला नाही त्यांना थेट दिवसभराच्या सहलीला नेऊ नका. मुंबईकरांनी वर्सोव्याहून मढला जाणारी बोट घ्यावी, काही मिनिटांची आहे, किंवा गेटवेची अर्ध्या तासाची चक्कर. साताऱ्याकडच्यांना तापोळा आहे. तिथे बघायचं की माणूस चढताना कसा चढतो, हात कुठे धरतो, इंजिन सुरू झाल्यावर चेहरा कसा होतो, उतरल्यावर बोलतो का गप्प होतो. आईला मी या फेब्रुवारीत वर्सोव्याला नेलं, अष्टमी होती, सकाळची वेळ. ती पहिल्यांदा एकदम आखडली, मग पलीकडे उतरून म्हणाली परत याच बोटीने जाऊ, आणि येताना तिने फाळका सोडून पर्समधून बाटली काढली आणि अर्धी प्यायली.